मागल्या बाजूचा सिनेमा

सिदू : चुना मळून ठेवलाय. आता थांबलो की वाळला.

हमिदाबी : सिनेमातल्या नटीचा तीळ डाव्या गालावर असतो. सतरा वर्षं डाव्याच गालावर हाय.

वीरभद्रअप्पा : शांताक्का मंगळवारपासून माझ्याशी बोलत नाही. कानडीतसुद्धा नाही.

सिदू : माझा ओळंबा कुणी उचलला?

हमिदाबी : गेलेल्या माणसाला टाळ्या वाजवून आणता येत न्हाय.

वीरभद्रअप्पा : सोलापुरात भिंतीवर दिसतो सिनेमा. पांढऱ्याफेक भिंतीवर.

(मुरुम गाव, १९५८. सकाळची वेळ. गावच्या पत्र्याच्या टॉकीजची दुरुस्ती निघाली आहे. वीरभद्रअप्पा मालक, शांताक्का त्यांची बायको, सिदू लोहाऱ्याहून आणलेला गवंडी, हमिदाबी जनान्याच्या दारावर बसणारी. मध्ये कापडी पडदा टांगलेला. त्याच्या पुढं पत्र्याखाली पुरुष बसतात, मागं उघड्यावर बायका.)

सिदू : अप्पा, एकदाचं सांगा. या पडद्याच्या जागी भिंत घालायची का न्हाय? पाया खणून तीन दिवस झाले. काल त्यात तुमचं शेरडू पडलं.

वीरभद्रअप्पा : घालायची. दीड विटेची. वर पांढरा गिलावा. शुक्रवारी नवा खेळ लागायचाय.

हमिदाबी : मग मागल्या बायका काय भिंत बघत्याल?

वीरभद्रअप्पा : बायका पुढं येतील हो. उजव्या अंगाला तट्ट्या लावू, बाकडी टाकू. इतकी वर्षं बिचाऱ्या उलटा सिनेमा बघतायत. आता सरळ बघू द्या की.

हमिदाबी : उलटा कसा? मशीन तुमच्या बाजूला ठेवलं म्हणून तुमची बाजू सुलटी झाली व्हय?

सिदू : म्हंजे मागनं बी दिसतो?

वीरभद्रअप्पा : कापड भिजवलं की चित्र आरपार जातं. खेळाआधी हमिदाबी रोज चार घागरी पाणी मारतात. पण तो आरशातला सिनेमा झाला रे. हिरो डाव्या हातानं जेवतो.

हमिदाबी : जेवू द्या. पोटात जातंय न्हवं.

सिदू : आन् मंगळवारी काय झालं? चहाच्या हॉटेलात लोक सांगत होते, पण हसण्यामुळं पुरं सांगता येईना त्यांना.

हमिदाबी : हसायला त्यांचं काय जातंय. इतवारी बायकांनी मागनं खेळ पाहिला. नवरा नोकरीला परगावी जातो, गाडी डाव्या हाताला निघून जाते. आमी सगळ्या रडलो. मंगळवारी अप्पांनी पुढं तात्पुरता तट्ट्या लावून निरोप धाडला, पुढं बसून बघा, सवय करा. तोच खेळ. आन् गाडी निघाली ती उजव्या हाताला.

सिदू : बरं, मग?

हमिदाबी : मग काय. इतवारी डावीकडं गेलेली गाडी उजवीकडं आली, म्हंजे परतच आली की. द्वारकाबाई उभ्या ऱ्हाऊन म्हणल्या, आला गं बाई, परत आला. निम्म्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. शांताक्कांनी तर हात जोडले. आन् तिकडं पडद्यावर त्याची बायको पदरात तोंड घालून रडतीया.

सिदू : अरारा.

हमिदाबी : गडीमाणसं तट्ट्यावरनं माना काढून हसली. सगळ्यात मोठ्यानं कोण हसलं, ते इचार तुझ्या मालकाला.

वीरभद्रअप्पा : मला तंबाखूचा ठसका लागला होता.

हमिदाबी : शांताक्का ओळखतेत तुमचा ठसका. एकेक करून सगळ्या उठून गेल्या. अप्पा, मागं आमाला कोण हसत न्हाय. लेकरू पाजायचं तर पाजतो. रडायचं तर नाक शिंकरून रडतो. फातिमाबी इतक्या गरीब स्वभावाची, पण व्हिलन आला की अशा शिव्या देती, अशा देती, की मलाच दोन नव्या कळल्या. पुढं बसली तर तोंडाला कुलूप.

वीरभद्रअप्पा : महिन्याभरात सवय होते हो. रझाकार गेले, निजाम गेला, त्याचा हाली शिक्क्याचा रुपया गेला, त्याचीपण झाली ना सवय? हॉल माझा, पडदा माझा, मला गावात एक नीट टॉकीज करायची आहे. लोक म्हणतात, मुरुमचा सिनेमा म्हणजे वाळत घातलेलं धुणं. सिदू, पहिला थर घाल.

सिदू : घालतो. खाला, जरा बाजूला व्हा.

हमिदाबी : न्हाय होत.

सिदू : खणलेल्या पायात उभ्या ऱ्हायल्या तर वीट कुठं ठेवू?

हमिदाबी : अप्पा, मंगळवारी पडद्यावर त्या नवऱ्याची चिठ्ठी आली. म्या वाचून दाखवली न्हाय. ध्यानात आलं का तुमच्या?

वीरभद्रअप्पा : डोळ्यात कचरा गेला म्हणालात.

हमिदाबी : कचरा न्हवता.

वीरभद्रअप्पा : मग?

हमिदाबी : जनान्यात वाचणारी म्या एकटी. चिठ्ठी येऊ द्या, पाटी येऊ द्या, सगळ्या म्हणतेत, हमिदाबी, वाचा. साठ बायका गप होतेत माझ्यासाठी. घरी कुणी गप होत न्हाय, इथं होतेत. आन् मंगळवारी म्या बघतीया, तर एक अक्षर वळखीचं न्हाय.

वीरभद्रअप्पा : असं कसं होईल? तुम्हाला वाचता येतं.

हमिदाबी : मागनं येतं.

सिदू : आं?

हमिदाबी : शाळेत कोण घातलं होतं मला? आमचे हे, वली, तुमच्या मशीनवर होते. दुपारी जेवताना सांगायचे, आज अमुक खेळ हाय. म्या पडद्यामागं बसून त्या नावाची अक्षरं धरून ठेवायची. आज दोन, उद्या एक. ते गेले तवर सगळी जमा झाली होती. पण जमा झाली ती मागल्या बाजूनं.

वीरभद्रअप्पा : थांबा थांबा. तुम्ही हँडबिल वाचता, मी डोळ्यांनी बघतो. उन्हाकडं धरून वाचता.

हमिदाबी : पाठीमागनं धरून वाचते.

वीरभद्रअप्पा : मी समजत होतो, नजर अधू झाली. उमरग्याच्या डॉक्टरांना विचारूनही आलो होतो.

हमिदाबी : काय म्हणले?

वीरभद्रअप्पा : गाजरं खायला सांगा म्हणाले.

हमिदाबी : म्हणून तुमी पोतंभर गाजरं धाडली होती व्हय.

सिदू : मग खाला, पेपर कसा वाचता?

हमिदाबी : पेपर न्हाय जमत. दोन्हीकडनं छापतेत, उन्हात धरला की सगळा काला होतो. तो प्रौढांचा वर्ग निघाला होता न्हवं? रामकिसन मास्तर म्हणले, नाव लिहा. म्या लिहिलं. मास्तरांनी पाटी फिरवून पाहिली, उलटी धरून पाहिली, मग तशीच घेऊन न्हाव्याच्या दुकानात गेले आन् आरशासमोर धरली. परत आले, म्हणले, बाई, अक्षर माझ्यापेक्षा सुंदर हाय, फक्त आरसा संगं ठेवत जा. म्या हात जोडले, कुणाला सांगू नका. दोन वर्षं झाली, त्या माणसानं चकार शब्द काढला न्हाय. आज म्या माझ्या तोंडानं सांगितलं. भिंत घातली की शुक्रवारी साठ बायका म्हणतील, हमिदाबी, वाचा. आता डोळ्यात रोज रोज कचरा कुठनं आणू?

सिदू : अप्पा, चुना.

वीरभद्रअप्पा : गप रे.

सिदू : गप हाय. चुना बोलतोय.

वीरभद्रअप्पा : सिदू, बायका बसतात त्याच्या मागं काय आहे?

सिदू : काय न्हाय. गोणपाट टांगलंय. त्याच्या पलीकडं चिंच, मग उकिरडा.

हमिदाबी : पावसात पोती पांघरून बसतो आमी.

वीरभद्रअप्पा : तर मग भिंत तिकडं घाल. त्या गोणपाटाच्या जागी.

सिदू : बायकांच्या मागं?

वीरभद्रअप्पा : हो. दीडच विटेची. आणि वरचे पत्रे तिथपर्यंत वाढव. पडदा जागचा हलवायचा नाही.

सिदू : आन् हा खणलेला पाया?

वीरभद्रअप्पा : त्यात पडद्याला दोन सागवानी खांब रोव. बाकीचा बुजव, शेरडू पुन्हा पडेल.

सिदू : तिकडं सोलापुरात...

वीरभद्रअप्पा : सोलापूरला कोण सांगायला जातंय? मात्र हमिदाबी, एक काम करा. शांताक्काला तुम्ही सांगा, म्हणजे ती माझ्याशी बोलायला लागेल.

हमिदाबी : ते तुमचं तुमी सांगा. आन् ठसक्याचंबी सांगा. खरंखरं.

वीरभद्रअप्पा : बरं. पण शुक्रवारी खेळाआधी मशीन जरा लावून बघू. तेवढ्यापुरता मी मागं येऊन बसलो तर चालेल? सतरा वर्षांत एकदाही तिकडून पाहिलं नाही मी.

हमिदाबी : बायका नसताना या. घागर भरून आणा येताना.

सिदू : हं. गेले. अप्पांची चालच बदलली बघा. उजवीकडं घर, डावीकडं निघाले.

हमिदाबी : शरणम्माच्या दुकानाकडनं जातील. शांताक्कांना पेढा लागतो.

सिदू : खाला, जरा पाणी घाला चुन्यावर. हळू. बास, बास. बरं, मला एक कळंना, अप्पा तुमचं ऐकतील असं वाटलं होतं का तुमाला?

हमिदाबी : अप्पा म्हणतेत, पडदा माझा. पण पहिला पडदा माझ्या निकाहातल्या चार चादरी जोडून शिवला होता, एकेचाळीस साली.