चोराला आधी पाणी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे सर्वेसर्वा माननीय किशनरावजी भोसगे साहेब, मुख्याध्यापक वीरेश स्वामी सर, नांदेडहून आलेले आपले प्रमुख पाहुणे, सत्कारमूर्ती शिवकांता मानकरी मॅडम, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या सासूबाई गंगम्मा आजी, माझे सहकारी, उदगीरचे आणि थेट देवणीपासून आलेले आजी-माजी विद्यार्थी, पालक, आणि मागं दाराशी उभं राहून भाषणं कधी संपतात नि पंगत कधी बसते याचा अंदाज घेणारे आमचे दहावीचे चिरंजीव, सर्वांना माझा नमस्कार. गंगम्मा आजींना शरणु शरणार्थ.

प्रमुख पाहुण्यांचं नाव मी घेतलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. निमंत्रणपत्रिकेवरही ‘नांदेडचे एक स्नेही’ एवढंच छापलंय. ते नाव मी शेवटापर्यंत राखून ठेवणार आहे. अध्यक्षांची परवानगी घेतलीय, पाहुण्यांचीही घेतलीय. फक्त मॅडमची घेतली नाही. कारण ती मिळाली नसती.

मी अंजू बिरादार, विज्ञान शिकवते. मराठीच्या शिक्षिकेच्या निरोपाला विज्ञानवालीला बोलायला लावलंत, आता जे होईल ते सहन करा. एकोणीस वर्षं आमची टेबलं शेजारी-शेजारी आहेत. माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी त्यांनी खाल्ली, त्यांच्या डब्यातली कडक भाकरी मी खाल्ली. माणूस ओळखायला याहून जास्त काय लागतं, असं मला वाटत होतं. या उन्हाळ्यात कळलं, लई लागतं!

पण आधी आत्ता तासाभरापूर्वीचं सांगू द्या. पाहुण्यांच्या गाडीनं मुखेडपाशी दगा दिला, ते मिळेल त्या वाहनानं आले आणि हा जिना धावत चढून दारात उभे राहिले. घामाघूम. आम्ही काय केलं? हार कुठंय, श्रीफळ कुठंय, फोटोवाला कुठं गेला, अशी आमची धावपळ. आणि जिचा सत्कार, ती बाई व्यासपीठावरून उठली, ग्लास भरला आणि त्यांच्या हातात दिला. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. पाहुणे होते तिथंच टेकले, मान वर केली, ग्लास ओठाला न लावता वरून गटागटा प्याले, ग्लास परत दिला. तुम्ही सगळ्यांनी हे पाहिलं आणि विसरलात. विसरू नका. त्याचं काम पडणार आहे.

आता सांगा, ‘बेल वाजली वाटतं’ ही मालिका कुणाकुणाला आठवते? हात वर करा. बापरे! किशनराव साहेबांचेही दोन्ही हात वर आहेत. एका बिऱ्हाडाची बेल रोज वाजायची, रोज कुणीतरी भलताच दारात यायचा, आणि त्या घरातली सून प्रत्येकाला तेच म्हणायची. काय म्हणायची? बरोबर! “आधी पाणी घ्या, मग काय ते बोला!” सगळं सभागृह एका सुरात बोललं. माझ्या लग्नात रुखवतावरसुद्धा हे वाक्य लिहिलेलं होतं.

आपण ही मालिका पाहिली ती मधूनच. मालिका सुरू झाली शहाऐंशी साली, तेव्हा आपल्याकडं टीव्हीवर दिल्ली दिसायची, मुंबई दिसायची नाही. पुढं मुंबई दिसायला लागली तोवर सुरुवातीचे भाग होऊन गेले होते. ते आपल्यापैकी कुणीच पाहिले नव्हते. आणि मॅडम? मालिका लागली की मॅडम उठून स्वयंपाकघरात जायच्या, असं आजी सांगतात. घरात सगळे हसायचे आणि ही सून भांडी घासत बसायची. आम्हाला वाटायचं, मराठीची माणसं, त्यांना विनोद जरा उच्च प्रतीचा लागत असेल.

या उन्हाळ्यात ते जुने भाग कुणीतरी साफसूफ करून मोबाईलवर आणले. सुट्टीत मी गच्चीवर पापड वाळत घालून राखण करत बसले होते, हातात मोबाईल. पहिला भाग पाहिला. सून वेगळीच होती, पुढच्या भागांतली नव्हती. बारीक चणीची, मोठ्या डोळ्यांची. दुसरा पाहिला. वाटलं, हिला कुठंतरी पाहिलंय. तिसऱ्या भागात तिनं काही द्यायच्या आधी पदर कमरेला खोचला, उजव्या हातानं, एकदा खोचून पुन्हा एकदा. अहो, एकोणीस वर्षं मी हेच पाहतेय! वह्यांचा गठ्ठा उचलायच्या आधी आमच्या मॅडम हेच करतात. चिमण्यांनी दोन पापड नेले, माझं लक्ष नव्हतं.

त्या तिसऱ्या भागात झालं काय, ते ऐका. बेल वाजते. सून दार उघडते. लोक मागं लागलेला एक चोर धापा टाकत आत घुसतो. तिनं किंचाळायचं, घरातले गोळा व्हायचे, असा प्रसंग लिहिलेला. आमच्या मॅडमनी दार उघडलं, धापा टाकणारा माणूस पाहिला आणि किंचाळायच्या ऐवजी वळल्या, तांब्या आणला, भांडं भरलं आणि त्याच्यापुढं धरलं. “लई धापा टाकून राहिलाव. आधी पाणी घ्या, मग काय ते बोला.” चोर क्षणभर बघत राहिला. मग उकिडवा बसला आणि खरंच प्याला. यांनी भांडं परत घेतलं, जागेवर ठेवलं, आणि तेव्हा कुठं ठरलेलं आठवलं. “चोर! चोर!” आणि चोर आपला बिचारा, यांचं ओरडून होईपर्यंत पळायचा थांबलेला!

शाळा उघडल्यावर मी हा भाग मॅडमपुढं ठेवला. वाटलं, खूश होतील. चेहरा पांढराफटक पडला. म्हणाल्या, “बंद कर ते. कुणाला दाखवलंस तर मी निरोपाला येणार न्हाई.”

मग हळूहळू सगळं निघालं. कॉलेजात असताना नाट्यस्पर्धेत यांचं काम कुणीतरी पाहिलं आणि मुंबईला बोलावलं. वीस वर्षांची पोर, सोबत मोठा भाऊ. पाच भाग केले. तिथली माणसं वाईट नव्हती, पण यांना बोलायची धास्ती वाटायची. पाचव्या भागाचं काम झालं त्या दिवशी या कपडेपटात बसलेल्या, आणि पडद्यापलीकडं कुणीतरी यांच्याच आवाजात, यांच्याच ढंगात ते पाण्याचं वाक्य म्हणालं. सगळे खो खो हसले. पुन्हा म्हणालं, पुन्हा हसले. “माझं बोलणं काढून हसून राहिले हुते, अंजू. गावंढळ म्हणून.” यांनी पिशवी भरली, भावाला म्हणाल्या, दादा, घरी चला. त्या परत कधी गेल्याच नाहीत. मालिकेतली सून माहेरी गेली आणि सहाव्या भागात चेहरा बदलून आली. सासरी कुणी काही विचारलंसुद्धा नाही!

हसताय, हसा. मीही हसले असते. पण मला एकदम आपल्या स्नेहसंमेलनाची आठवण झाली. तीस वर्षं या बाईनं पोरांची नाटकं बसवली. स्वतः कायम विंगेत. आणि तालमीत एखादं पोरगं ‘लई’ म्हणालं की थांबवायच्या. “बाळा, ‘खूप’ म्हण. तिकडं हसतात.” तिकडं म्हणजे कुठं, हे आम्ही कधी विचारलं नाही. आज समोर ते सगळे बाळ बसलेत, निम्म्यांना टकलं पडलीत. तुम्हाला वाटायचं मॅडम कडक आहेत. मॅडम तुम्हाला जपत होत्या. जे त्यांच्या वाट्याला आलं असं त्यांना वाटत होतं, ते तुमच्या वाट्याला येऊ नये म्हणून.

सूत्रसंचालक मला घड्याळ दाखवतायत. सर, तुमच्या निरोपाला मी थोडक्यात बोलेन. आज नाही.

तर मॅडमची अट अशी की भाग कुणाला दाखवायचा नाही. मी शब्द दिला. पण एका रविवारी मी त्यांच्या घरी गेले होते. आमची कुजबुज पाहून गंगम्मा आजींनी विचारलं, “काय बघून राहिलाव गं दोघी?” आजींपुढं मॅडमची अट कुठली टिकतेय! मोबाईल आजींच्या हातात गेला. मॅडम भिंतीकडं तोंड करून बसल्या.

पाण्याचा प्रसंग आला. आजी हसल्याच नाहीत. म्हणाल्या, “बरोबर केलं की. यात काय हाय हसायसारखं? दारात आलेल्याला पाणी द्याव का बोंबलाव?” आणि पुढं शेजारचे एक गृहस्थ दाराला साखळी लावून फटीतून बोलतात, तिथं आजी जे हसायला लागल्या! “अगं बाई, पावणा बाहेर, आन् ह्यो सोत्ता घरात साखळीनं बांधलेला! देवणी वळू हाय का काय!” डोळ्यांतून पाणी आलं त्यांच्या. ते पाहून मॅडमही वळल्या. आधी आजींकडं पाहून हसल्या, मग मोबाईलकडं पाहून. त्या दिवशी मॅडमनी स्वतःला पहिल्यांदा पाहिलं.

पण एवढ्यानं समाधान होईल तर त्या आमच्या मॅडम कसल्या! म्हणाल्या, “आत्याबाई, तुम्ही घरच्या, म्हणून म्हणता. ती माणसं हसलीच की.” पडद्यापलीकडचं खरं तिथं असलेल्या माणसालाच माहीत. तेव्हा आजी पुन्हा मोबाईलकडं बघत होत्या. म्हणाल्या, “ह्यो चोर आपल्याकडला हाय.”

मी म्हटलं, आजी, तो मुंबईचा नट आहे.

“नट आसंल न्हाई तर कोणी आसंल. पाणी बघून आधी खाली बसला. भांडं तोंडाला न लावता वरून प्याला. आन् मागं लोक लागलेले असताना भांडं हातात परत दिलं. ह्यो आपल्या मुलखातला हाय. लिहून घे.”

मी लिहून घेतलं नाही, पण कामाला लागले. भागाच्या शेवटी नावं येतात, त्यातलं चोराचं नाव घेतलं आणि महिनाभर फोन करत सुटले. मुंबई झाली, पुणे झालं. आणि माणूस सापडला कुठं? नांदेडला! मूळ धर्माबादचा. चार वर्षं मुंबईत काढली, नाटकवेड फिटलं, घरच्या मिरचीच्या व्यापारात परत आला.

फोनवर मी विचारलं, तुम्ही चोर का? ते म्हणाले, “होतो. एका मालिकेत.” मग मी पडद्यापलीकडचं विचारलं. म्हणाले, “मॅडम, मी धर्माबादचा आहे हे मी तिथं कुणालाच सांगितलं नव्हतं. बोलणं घोटून घोटून बदललं होतं. त्या पोरीनं पाणी पुढं केलं आणि माझ्यानं राहवलं नाही, मी बसलोच. तेव्हा लोक हसले ते माझ्यावर. पाचव्या भागाच्या दिवशी मी पैसे घ्यायला गेलो होतो, तेव्हा पडद्यापलीकडं ते वाक्य म्हणत होते ते दिग्दर्शक. सगळ्यांना शिकवत होते, की असं म्हणायचं, हिच्यासारखं. उद्यापासून या घरात जो येईल त्याला आधी पाणी, असं त्यांनी त्या दिवशी ठरवलं. आम्ही आनंदानं हसत होतो हो! दुसऱ्या दिवशी तिला सांगणार होतो. ती आलीच नाही. सगळे वाट बघत बसलो होतो.”

मॅडम, ऐकताय ना? महाराष्ट्रानं इतकी वर्षं ज्या वाक्याला टाळ्या दिल्या, माझ्या रुखवतावर जे लागलं, आत्ता या सभागृहानं एका सुरात जे म्हटलं, ते तुमचं आहे. तुमची टिंगल कुणी केली नाही. तुमची नक्कल केली, कारण त्यांना तुमच्यासारखं म्हणता येत नव्हतं. सहाव्या भागापासून दुसऱ्या बाईंनी तुमचं वाक्य म्हटलं, आणि तुम्ही आत भांडी घासत बसलात. मला याचं लई वाईट वाटतं. ‘खूप’ नाही, मॅडम. लई.

तुम्हाला दिलेला शब्द मी पाळलाय. इथं पडदा लावला नाही, दिवे मालवले नाहीत, भाग कुणाला दाखवला नाही. पण त्या भागातला चोर आणू नको, असं तुम्ही म्हणाला नव्हतात. आणि मी काही न करता, काही न सांगता, तुम्ही तासाभरापूर्वी त्याच माणसाला, त्याच्या त्याच धापांना, पुन्हा पाणी दिलंत. ओळखलं नाहीत. तेही पुन्हा वरूनच प्याले. प्रमुख पाहुणे, धर्माबादचे श्री. उमाशंकर बच्चेवार!

टाळ्या थांबू द्या. गंगम्मा आजी, तुमचं बरोबर निघालं.

अध्यक्षांचे आभार, त्यांनी हा कट शाळेच्या खर्चानं होऊ दिला. बच्चेवार साहेबांचे आभार, ते या वयात जिना धावत चढले. तुमचे आभार, तुम्ही भुकेले असून बसलात. विज्ञानाच्या बाईनं मराठीच्या बाईचं घरातलं गुपित चारचौघांत मांडलं, यात कुणाचा मान राखायचा राहिला असेल तर पदरात घ्या, मॅडमनी तर आधी घ्यावं. आता बच्चेवार साहेबांनी दोन शब्द…

काय? मॅडम, काय म्हणता? माईक देऊ का? बरं, बसा, डोळे पुसा, मीच सांगते.

मॅडम पाहुण्यांना म्हणतायत, “पाणी झालं न्हवं? आता काय ते बोला.”