गुरुवारचा शंख

क्लोथिल्ड : धबधबा जाईल कुठे? पाणी पडायचं तसं पडतंय. वाट गेली, असं म्हण.

लेनर्ड : तेच ते, मावशी. वाट नाही तर पाहुणे काय उडत जाणार? अख्खी दरड बसलीय तिच्यावर. गरम कुंडात घराएवढे धोंडे. पोपटांच्या रानात एक झाड उभं नाही, पोपट बसतील कशावर? वीस वर्षं या तीन ठिकाणांवर माझी गाडी चालली. गुरुवारी जहाज येतंय, वादळानंतरचं पहिलं, आणि दाखवायला माझ्याकडे काय उरलं? ही गाडी. तिचासुद्धा हॉर्न वादळानं नेला.

क्लोथिल्ड : मग तुझं हे सुतकी थोबाड दाखव. तेही वादळानंतरचंच आहे.

लेनर्ड : थट्टा नको गं. जहाजावरची ती मिस फिंच, किनाऱ्यावरच्या सहली बघते ती, ती स्वतः गाडीत बसणार आहे. बारा पाहुणे आणि ती. तिला दिवस पटला तर जहाज हिवाळाभर दर गुरुवारी आपल्या रोझो बंदराला लागणार. नाही पटला तर शेजारच्या बेटावर. मग मी गाडी विकायची आणि ग्वादलूपला जाऊन दुसऱ्याच्या उसात राबायचं. बायको आत्तापासूनच बॅग बघतेय.

क्लोथिल्ड : इकडे आण त्यांना.

लेनर्ड : इकडे कुठे?

क्लोथिल्ड : माझ्या दारात. नदी तर कुणी नेली नाही ना? पाय सोडून बसतील, डुंबतील. मी कोको करून देईन, जायफळ घालून. तेरा पेले जमवते कुठून तरी.

लेनर्ड : आणि हे तुझं घर? डोक्यावर निळी ताडपत्री, भिंतीला भोक...

क्लोथिल्ड : घराकडे पाठ करून बसव. आणि सांगून ठेव, माझ्या घराचा फोटो काढायचा नाही. घर आजारी आहे. आजाऱ्याचा फोटो कुणी काढतं का?

लेनर्ड : आजाऱ्याला औषधही द्यावं लागतं. दीड महिना झाला पत्रे येऊन, आंब्याखाली पडून आहेत. खिळे आहेत, वासे आहेत. दाराशी शंख टांगलाय. फुंकलास की गाव धावत येईल. एकाच्या कामाला अख्ख्या गावानं हात लावायचा, कुदमें म्हटल्यावर नाही कोण म्हणतं?

क्लोथिल्ड : कुणी म्हणणार नाही, म्हणून तर फुंकत नाही. अ‍ॅन्सेल्मचं स्वतःचं छप्पर अर्धं आहे. जोझेफिन चार पोरं घेऊन शाळेत झोपते. तरी येतील. आणि आलेल्या हाताला पोटभर वाढायचं असतं. नीरफणस आडवा झाला, अळकुड्या वाहून गेल्या, कोंबड्या कुठल्या बेटावर उडाल्या देव जाणे. माझ्याकडे मदतीतला तांदूळ आहे नुसता. गावाला राबवून कोरडा भात वाढू? माझी आई थडग्यातून उठून कान पिळेल माझा.

लेनर्ड : तुझा हा ताठा ना, मावशी...

क्लोथिल्ड : ताठा नाही, रीत आहे. तू रोझोत वाढलास, तुला कुदमेंचा शंख कुठला नि मासेवाल्याचा कुठला एवढंही कळत नाही. मला शिकवतोय! खरं सांगू? छपरापेक्षा मला त्या निळ्याचा वैताग आलाय. आत सगळं निळं दिसतं. भात निळा, चादर निळी. सकाळी उठून हात बघते तर बुडून मेलेल्या बाईचे वाटतात.

लेनर्ड : असं बोलू नको गं.

क्लोथिल्ड : बरं, नाही बोलत. गुरुवारी आण त्यांना. दूधपावडर तेवढी घेऊन ये.

(गुरुवार, सकाळचे दहा. क्लोथिल्डचं अंगण. पाहुणे नदीकाठी दूरवर पांगलेले. शंखाचा तिसरा लांब सूर नुकताच थांबला आहे.)

क्लोथिल्ड : लेनर्ड! खाली ठेव तो! काय केलंस हे, मेल्या?

लेनर्ड : काय केलं? पाहुणे पार वळणापलीकडे गेलेत. हाक पोचत नाही, हॉर्न नाही. गोळा करायला फुंकला. गंधकाच्या झऱ्यावर न्यायचंय ना त्यांना.

क्लोथिल्ड : किती वेळा फुंकलास?

लेनर्ड : तीनदा. छान लांब लांब. गाववाल्यांना वाटेल मासे आले, फार तर.

क्लोथिल्ड : मासे तुटक वाजतात, गाढवा! तीन लांब म्हणजे कुदमें! वादळापासून तीन महिने मी त्याला ओठ लावला नाही आणि तू... बघ, बघ वर टेकाडावर. तो अ‍ॅन्सेल्म. खांद्यावर शिडी.

लेनर्ड : अरे देवा.

मिस फिंच : मिस्टर लेनर्ड, कसला आवाज होता हा? आणि ती माणसं हातोडे आणि कोयते घेऊन आपल्याच दिशेनं का येतायत? माझे पाहुणे घाबरतील.

लेनर्ड : घाबरायचं काही नाही, मिस फिंच. माझी चूक झाली. हा शंख वाजला की इथं समजतात, कुणाला तरी हात हवेत. मी पाहुण्यांना बोलावत होतो आणि आलं गाव. जाऊन सांगतो त्यांना, परत जा म्हणून.

क्लोथिल्ड : खबरदार! कुदमेंला आलेल्या माणसाला परत पाठवतात? स्वतःचं अर्धं छप्पर सोडून आलाय तो. जोझेफिनही येतेय, पोरांसकट. आता त्यांना परत पाठवलं तर पुन्हा कुणाच्या दारात तोंड दाखवायची सोय नाही मला.

मिस फिंच : आजी काय म्हणतायत? त्यांची भाषा मला कळत नाही.

लेनर्ड : म्हणतायत, आज छप्पर चढणार. आणि चढवणाऱ्यांना जेवू घालावं लागणार. आणि घरात तांदळाशिवाय काही नाही.

मिस फिंच : आणि गंधकाचा झरा?

लेनर्ड : तिथं पाऊण तास लागतो जायला. खरं बोलू का? तिथंही फार काही उरलेलं नाही. वास आहे.

मिस फिंच : हे तुम्ही मला आत्ता सांगताय?

लेनर्ड : आधी सांगितलं असतं तर तुम्ही आलाच नसता.

मिस फिंच : गाडीत मागे ते मोठं पातेलं कशाचं आहे?

लेनर्ड : ते तुमचंच. कोंबडी आणि भात, पाहुण्यांच्या दुपारच्या जेवणाचं. बायकोनं पहाटे उठून केलंय. त्याला हात लावायचा तर तुमची परवानगी पाहिजे.

मिस फिंच : तेरा माणसांचं आहे ना?

क्लोथिल्ड : या बाईला सांग, आमच्याकडे तेरांचं जेवण माणसं बघून वाढतं. मी तांदूळ घालते, जोझेफिन परसातली मिरची आणेल, कुणीतरी सुका मासा आणेलच. पण पातेलं त्यांचं. नको म्हणाली तर राग नाही माझा.

मिस फिंच : मिस्टर लेनर्ड, तुमच्या लोकांपैकी कुणी पाहुण्यांकडे काही मागितलं तर मला जहाजावर उत्तर द्यावं लागेल.

लेनर्ड : मागतंय कोण? ते बघा, तुमचे दातांचे डॉक्टर. कुणी न सांगताच अ‍ॅन्सेल्मच्या शिडीला खांदा दिलाय त्यांनी.

मिस फिंच : डॉक्टर ओल्सेन! तुमची कंबर!... ऐकत नाहीत. काल जहाजावर चार वेळा तक्रार केली त्यांनी, सूप गार होतं म्हणून. ठीक आहे. पातेलं काढा. पण चार वाजता गाडीत प्रत्येक माणूस हवा. जहाज कुणासाठी थांबत नाही.

क्लोथिल्ड : हो म्हणाली?

लेनर्ड : हो म्हणाली.

क्लोथिल्ड : मग तिला विचार, नारळ खवता येतो का. नुसती उभी राहून सावली कशाला अडवतेय?

*

(त्याच दिवशी दुपारी. जेवणं झाली आहेत, छप्पर चढत आलं आहे. लेनर्ड दोघींचं बोलणं एकमेकींना सांगतो आहे.)

मिस फिंच : आजी, माझी बोटं सोलून निघाली.

क्लोथिल्ड : तीन नारळांत? तरी बरं, चौथ्यापासून तुझा हात बसला. लेनर्ड, सांग तिला, चौथा चांगला खवला.

लेनर्ड : मावशी तुमचं कौतुक करतेय, मिस फिंच. ती सहसा करत नाही. माझं एकावन्न वर्षांत दोनदा केलं.

मिस फिंच : किती जण जेवले?

लेनर्ड : मी सदतीसपर्यंत मोजले. मग कुणीतरी माझ्याही हातात ताट दिलं.

मिस फिंच : वर बघा ना. डॉक्टर ओल्सेन तोंडात खिळे धरून बसलेत. आयुष्यभर लोकांना सांगत आले असतील, दातांनी काही उघडू नका म्हणून. आणि त्या दोघी बहिणी पोरांना घेऊन वाकडे खिळे सरळ करतायत. जहाजावर या दोघी कुणाशी बोलत नाहीत, मिस्टर लेनर्ड. एकमेकींशीही नाही.

क्लोथिल्ड : शेवटचा पत्रा राहिलाय. बोलू नका आता, बघा.

लेनर्ड : बसला!

क्लोथिल्ड : बसला. देवा, बसला रे! अ‍ॅन्सेल्म, उतर आता, पाय मोडून घेऊ नको. लेनर्ड, या लोकांना काहीतरी सांगायचंय मला. तुझ्या त्या गोड भाषेत सांगू नको, मी म्हणते तसंच सांग. सांग, वादळाच्या रात्री मी पलंगाखाली होते आणि छप्पर उडालं तेव्हा मला वाटलं, संपलं, आता मला विचारणारं कुणी नाही. चुकलं माझं. तुम्हाला माझं नावसुद्धा धड म्हणता येत नाही आणि तुम्ही माझ्या डोक्यावर छप्पर घातलंत. मी फार आभारी आहे. रोज रात्री तेरा जणांची आठवण काढून झोपेन. नावं लिहून द्या मला.

मिस फिंच : आजी, आभार आम्ही मानायला हवेत. कसं सांगू... मी अकरा वर्षं लोकांना बेटं दाखवते. पण मला कुणी नारळ खवायला बसवलं नव्हतं.

क्लोथिल्ड : पण एक अडचण आहे. कुदमेंला आलेल्याचा दिवस फेडायचा असतो. अ‍ॅन्सेल्मचा फेडीन, जोझेफिनचा फेडीन. तुम्ही तेरा जण उद्या समुद्रात. तुमचा दिवस मी कुठे फेडू?

मिस फिंच : फेडायचं कशाला? आम्ही काही मागत नाही.

क्लोथिल्ड : मागत कुणीच नसतं. म्हणूनच फेडायचा असतो.

लेनर्ड : मावशी, पुढच्या गुरुवारी जोझेफिनचं छप्पर घालायचं. तू तिथं रांधायला ये. या तेराजणांचा दिवस तिथं फेडला, असं समज. चालतं का रीतीत?

क्लोथिल्ड : ...चालेल. रोझोत वाढलास तरी थोडी अक्कल राहिलीय.

मिस फिंच : म्हणजे पुढच्या गुरुवारीही आहे? मग मी यादीत घालते. जहाजावरच्या यादीत प्रत्येक सहलीपुढे दर लिहावा लागतो. याचा काय लिहू?

क्लोथिल्ड : काय म्हणतेय? दर? कुदमें विकत नसतात, बाई. कुठल्याच बेटावर नाही. बघायला येणाऱ्याला इथं बघण्यासारखं काही नाही. हात लावायला यायचं असेल तर या, जेवा.

लेनर्ड : गाडीचं भाडं तेवढं लिहा, मिस फिंच, नेहमीचंच. माझं पोट गाडीवर आहे. छप्पर आमचं आम्ही बघू.

मिस फिंच : लिहिते. आणि दर गुरुवारी लिहिते, हिवाळाभर. माझ्या वरिष्ठांना काय सांगायचं ते मी बघीन.

लेनर्ड : हिवाळाभर? मिस फिंच, तुम्हाला कळत नाही तुम्ही काय बोललात. घरी जाऊन ती बॅग माळ्यावर टाकतो. आभारी आहे मी. मनापासून.

मिस फिंच : आधी हॉर्न बसवून घ्या. चार वाजायला पाच मिनिटं आहेत आणि माझे पाहुणे अजून निरोपच घेतायत.

लेनर्ड : शंख फुंकू?

मिस फिंच : नको!

लेनर्ड : मावशी! निघालो आम्ही. मावशी? सगळे हात हलवतायत, तू आत काय करतेयस?

क्लोथिल्ड : आलेच रे. हात बघतेय माझे. पुन्हा माझ्याच रंगाचे दिसतायत.