आठव्या बाटलीवरची साय

मावशी : ती आठ नंबरची ओतू नकोस गं.

डॉक्टरीण : मावशी, तुम्ही बाटल्या धुवायला घ्या. चारला सर येतील, त्याआधी टेबल मोकळं करायचंय. आणि ही बघा, वर सायीसारखे तुकडे तरंगतायत. बाहेरचं काहीतरी शिरलंय हिच्यात.

मावशी : बाहेरचं काही शिरलेलं नाही.

डॉक्टरीण : तुम्हाला काय माहीत?

मावशी : दीड महिना झाकणं कोण उघडत होतं? तू आईच्या ऑपरेशनला गेलीस तेव्हा बजावून गेलीस, हात स्पिरिटने पुसल्याशिवाय झाकणाला शिवायचं नाही. बोटांची सालं निघाली माझ्या, पण एकदाही चुकले नाही. डॉक्टरीणबाईंचा हुकूम.

डॉक्टरीण : अजून डॉक्टर झाले नाहीये, प्रबंध व्हायचाय. आता होते की नाही, तेही कळत नाही.

मावशी : असं का बोलतेस?

डॉक्टरीण : या ताटल्या बघा. परवा आल्या आल्या प्रत्येक बाटलीतला एकेक थेंब घेऊन पसरला होता. पहिल्या सातांत काय दिसतं?

मावशी : पांढरे ठिपके. जिकडे तिकडे तेच.

डॉक्टरीण : ती माझी पांढरी. या मागच्या तळ्यातलीच, पण वर्षभर मी तिला एकटीला वाढवलं, आयतं खायला घालून. मग तळ्याचं ताजं पाणी आणून या आठ बाटल्या भरल्या आणि तिला परत तिच्या शेजाऱ्यांत सोडलं. हे जिवाणू भराभर पिढ्या बदलतात मावशी, दिवसाला कितीतरी. ती बदलत गेली की शेजाऱ्यांचं काय होतं, एवढंच मला बघायचं होतं.

मावशी : मग काय झालं त्यांचं?

डॉक्टरीण : ती इतकी हावरट झाली की सगळ्यांच्या तोंडचा घास पळवला. एक शेजारी उरला नाही. सर आधीच म्हणाले होते, सगळीकडे एकटी पांढरीच उरली, तर पुढे बघण्यासारखं काही नाही, विषय बदल. तीन वर्षं गेली माझी.

मावशी : पण आठव्या ताटलीत तर रंगपेटी सांडल्यासारखं दिसतंय.

डॉक्टरीण : म्हणूनच म्हणते, ती बिघडलीय. आठही यंत्रावर रात्रंदिवस सारख्याच हलत होत्या. खाणं सारखं, पाणी सारखं. मग सात एक सांगतात आणि एक भलतंच सांगते, तर कुणाचं ऐकायचं? सोडा ती.

मावशी : (हातातला ब्रश सिंकमध्ये ठेवून) ते दार लोटून घे जरा.

डॉक्टरीण : काय झालं?

मावशी : आठ नंबर यंत्रावर नव्हती.

डॉक्टरीण : म्हणजे?

मावशी : दर सोमवारी सगळ्या उतरवायच्या, खाणं घालायचं आणि परत यंत्रावर अडकवायच्या, असं तू सांगितलंस. आठव्या नंबरची जागा पार मागे, भिंतीच्या कोपऱ्यात. पहिल्या सोमवारी उतरवली कशीबशी. पण परत ठेवायला हात उचलेना. खांदा धरलाय माझा, चार महिने झाले. केस विंचरायला सून लागते.

डॉक्टरीण : मग ठेवलीत कुठे?

मावशी : इथे, सिंकच्या बाजूच्या टेबलावर. खाणं वेळेवर घातलं हो, उपाशी नाही ठेवली. पण हलवली नाही. तू येणार त्या सकाळी वॉचमनकडून परत वर चढवून घेतली.

डॉक्टरीण : आणि वहीत रोज आठही हलवल्याच्या खुणा?

मावशी : केल्या. खोट्या केल्या. मागे साठवणीच्या खोलीतल्या बाईची कंबर गेली, तिला दुसऱ्या महिन्यात घरी बसवलं. तुला फोनवर सांगावं म्हटलं, तर तू आईच्या उशाशी. मग रोज वाटायचं उद्या सांगू. शिव्या दे मला, पण बाटली ओतू नकोस. चूक माझी आहे, तिची नाही.

डॉक्टरीण : थांबा. एक मिनिट थांबा. पहिल्या दिवशीच्या तळ्याच्या पाण्याचे फोटो... हे बघा. हा पिवळा. हा केशरी. हे बारीक राखाडी.

मावशी : तेच की गं. ताटलीतलेच.

डॉक्टरीण : बाहेरून कुणी आलंच नाही. हे सगळे तळ्यातलेच, पहिल्यापासूनचे. टिकलेत. आणि पांढरी बघा, दोन प्रकारची झालीय. ही गुळगुळीत आणि ही सुरकुतलेली.

मावशी : म्हातारी झाली?

डॉक्टरीण : नाही हो, बदलली. हलत्या बाटलीत वर, खाली, मध्ये सगळं सारखंच, हवा सगळीकडे. मग जी सगळ्यांत भरभर खाते तिचंच राज्य. पण न हलवलेल्या बाटलीत हवा फक्त वर. तिच्यातल्या काही चिकट झाल्या असणार, एकमेकींना धरून वर तरंगल्या. ती साय म्हणजे तीच. काही खाली राहिल्या. आणि सायीत, सायीखाली, तळाशी बाकीच्यांना जागा मिळाली. असं मला वाटतं. तपासायला लागेल.

मावशी : यात नवल काय? धाकट्या सुनेला वरची खोली दिली, तेव्हापासून आमच्या घरातली भांडणं मिटली. एका चुलीपाशी दोघी होत्या तोवर रोज महाभारत.

डॉक्टरीण : अहो, हे वाक्य मला प्रबंधात घालता आलं असतं तर.

सर : दार का लोटलंय? चार वाजले.

डॉक्टरीण : सर, सात बाटल्यांत एकटी पांढरी. आठवीत शेजारी जिवंत आहेत. ती हलवलेली नव्हती.

सर : वहीत तर हलवली म्हणून खुणा आहेत.

मावशी : त्या मी खोट्या केल्या, साहेब. खांदा उचलत नाही माझा. हिला काही ठाऊक नव्हतं. काय करायचं ते माझं करा, हिचं काम बंद करू नका.

सर : ताटली इकडे द्या. हं. आणि पहिल्या दिवसाचा फोटो. ...एका बाटलीवर मी विश्वास ठेवत नाही.

डॉक्टरीण : ठेवू नका सर. मला दीड महिना द्या.

सर : दोन घे. तळ्याचं ताजं पाणी आण. सहा हलत्या, सहा स्थिर. मावशी, ती वही घ्या. खोट्या खुणा एकेक करून खोडा आणि पुढे लिहा, हलवली नाही. खाली तुमची सही.

मावशी : आणि सही केल्यावर मला घरी पाठवणार?

सर : कशाला? तुम्ही बोलला नसता तर ही बाटली आत्ता गटारात असती. उद्या सकाळी खांदा दाखवून या, मी वर कळवतो. यंत्रावर बाटल्या ही चढवेल. स्थिर बाटल्यांचं तुम्ही बघा.

मावशी : खोडते. चष्मा दे गं माझा.

डॉक्टरीण : हा घ्या. मावशी, त्या सहा स्थिर बाटल्या ठेवायच्या कुठे?

मावशी : सिंकच्या बाजूच्या टेबलावर. तिथवर पोचतो माझा हात.