वकील मामांची उलटतपासणी

भाचीने शेवटी वकिलीलाच प्रवेश घेतला. पण ते विसरा, तसं अजून काही घडलेलं नाही. ती कॉलेजच्या प्रवेशखिडकीसमोर रांगेत आहे. शेजारी तिचे वकील मामा, मागच्या नंबरला मी.

"मामा, पालक म्हणून सही करा ना. आज शेवटचा दिवस आहे."

"अगं, एवढे मार्क पडलेत. डॉक्टर हो. वकिलीत आता काय राहिलंय? नोटिसासुद्धा कॉम्प्युटर लिहितो."

"उलटतपासणी घेतो का तो?"

"अजून तरी नाही."

"तुम्ही तीस वर्षांत काय केलंत?"

"दहा वर्षं सीनियरची बॅग उचलली. मग स्वतःची. ती हलकी होती."

"मग सोडली का नाहीत वकिली?"

"त्याचं असं आहे, परिस्थिती..."

"हो की नाही, एवढंच सांगा. कोर्टात उभं राहिलं की मजा येते?"

"...येते."

"अजूनही?"

"कार्टे, साक्षीदाराला पाणी तरी पिऊ दे!"

"चला, पुढचे कोण?" खिडकीतल्या बाई ओरडल्या.

मामा खिडकीत वाकले.

"मॅडम, आमच्या बाजूची तयारी झालेली नाही. तरी सदर प्रवेश चार आठवडे तहकूब करावा, ही नम्र विनंती."