माझ्या आवाजानं मारलेली हाक

दोन हजार पंचवीस साल, मार्गशीर्षाचा पहिला आठवडा, भात झोडून कणगीत पडलेलं, आणि तुम्हाला सांगतो, मी कुणाला हाक मारली नव्हती! हसू नका. अख्खा तलासरी तालुका हसून झालाय. मी, चैत्या, उभ्या जन्मात कुणाला सावडीला बोलावलं नाही. सावड ठाऊक आहे ना? आज तू माझ्या कामाला ये, उद्या मी तुझ्या. पैसा नाही. घेतलेला दिवस आपल्या अंगानंच फेडायचा. म्हणून मी घेतलाच नाही कधी. माझं शेत मी कापलं, माझं घर मी शाकारलं, कुणाचा एक दिवस अंगावर नाही... नव्हता!

माझा पोरगा विनोद, तारापूरला कंपनीत. एका रविवारी आला, माझ्या फोनात काहीतरी घालून तो पुढं केला. "बाबा, ही व्हर्च्युअल असिस्टंट. दिसत नाही, पण सगळी कामं करते. तुमच्या डोक्यात धंदा आहे ना, तो हिला सांगा." दिसत नाही? अरे, आमच्याकडं न दिसणारं कुणी घरात शिरलं तर भगताला बोलावून बाहेर काढतात, आणि हा हौसेनं आत आणतो! वर म्हणतो, "आवाजाचा नमुना द्या, ती तुमच्याच आवाजात लोकांशी बोलेल." मला वाटलं, बँकेत अंगठा देतो तसं काही असेल. दिला आवाज.

धंदा साधा. डहाणूच्या किनाऱ्यावर शहरातली माणसं येतात, त्यातली काही डोंगराकडं वळतात, त्यांना राहायला माझ्या माळावर चार कुडाची घरं. भिंतींची कारवी माझी, बांबू माझा, तोडून रचून ठेवलेला. वर्षाला एक घर, माझ्या हातानं. एवढंच बोललो. ती म्हणाली, "छान कल्पना आहे, चैत्याबाबा. पुढचं मी बघते." पुढचं मी बघते! अंगावर काटा आला तेव्हाच...

दोन दिवसांनी सकाळी शेतावरून येतो, तर दारात अख्खा पाडा उभा! हातात कोयते, पहारी, बायकांच्या डोक्यावर शेणाच्या पाट्या. नुसते माझ्याकडं बघून हसतायत, गोड गोड. मी म्हटलं, कोण मेलं?

"मरायला कशाला पाहिजे?" बाबल्या पुढं आला. हा माझा शेजारी, कोंबड्यांवरून आमचं बोलणं बंद. "तूच बोलावलंस की!" आणि फोनवर आलेला निरोप वाजवला. आतून मी बोललो. मी! "बाबल्या, भावा, एकट्याचं बळ आता पुरत नाही रे. येशील ना?"

भावा! तुम्हाला सांगतो, मी हाक मारली नव्हती! पण हत्यार घेऊन दारात आलेल्या माणसाला माघारी धाडायचं? तसं आमच्यात करत नाहीत. आत गेलो, तर माझी बायको बुधीबाई मोठ्या टोपात भात शिजवतेय.

"एवढा कुणाला?"

"आवो, तुम्हीच नाही का फोनवर बोललात? 'बुधी, आज जास्त टाक गं, पण दमू नकोस.'" डोळ्याला पदर लावला तिनं. "एवढ्या वर्षांत पहिल्यांदा विचारलंत."

आता हिला काय सांगू? तो मी नव्हतो?

दिवस मावळायच्या आत चारही घरं उभी. कूड सारवलेला, वर पेंढा. लोक म्हणाले, काय सुंदर! मला घरं दिसेनात. अख्ख्या पाड्याचं देणं माझ्या माळावर उभं राहून माझ्याकडं बघत होतं.

फोन घेतला, विचारलं, कुणी सांगितलं होतं? ती म्हणते, "मजुरी परवडत नव्हती. तुमच्या भागातली पद्धत वापरली. आता पाहुण्यांचं बुकिंग घेऊ का?"

"खबरदार! देणं फिटल्याशिवाय त्या घरात कुणी झोपायचं नाही."

"हरकत नाही. फेडायला बदली मजूर पाठवते."

बदली! माझा दिवस दुसऱ्याच्या अंगानं फेडायचा? मग मी कशाला जिवंत? विनोदला बोलावलं, म्हटलं, हिला बाहेर काढ. काढली म्हणतो. तिला काढली, पण माझा आवाज? तो निरोप होऊन घराघरातल्या फोनात जाऊन बसलाय, लोक पुन्हा पुन्हा वाजवतात! संध्याकाळी वाटेनं निघावं, तर अंधाऱ्या ओट्यावरून मीच मला विचारतो, "येशील ना?" कुत्रं माझ्याकडं बघतं, ओट्याकडं बघतं, आणि शेपूट घालून मागं सरतं.

मग फेडायला लागलो. कुणाचा बांध, कुणाची लाकडं, पाड्यातल्या शुक्रीच्या विहिरीचा गाळ. गुडघे रडतायत, आणि शुक्री वरून वाकून म्हणते, "बाबा, फोनवर किती मायेनं बोललात, आता तोंड का असं?" ऐकलंत? मी गाळात उभा, आणि बाईला पाहिजे तो, फोनातला! सगळ्यांना तोच पाहिजे. बुधीबाई तर जेवण झालं की फोन कानाला लावते आणि माझ्याकडं पाठ करते. तो बोलतो, ती लाजते. माझ्या घरात! तुम्हाला सांगतो, मी हाक मारली नव्हती...

शेवटचं घर बाबल्याचं. होळी तोंडावर, त्याची ढोबळी मिरची तोडायला आलेली. तो एका ओळीत, मी शेजारच्या. दुपारपर्यंत दोन पाट्या भरल्या. मग म्हणतो, "चैत्या, एकदा तोंडानं म्हण ना, भावा."

मी मिरची तोडली.

"फोनवरचा तू बरा होतास."

"मग त्याला बोलाव, मिरची तोडायला."

दिवस मावळला. देणं फिटलं.