पाठ राखणाऱ्याचा बाप

...नऊ वेळा! अहो, एका सामन्यात नऊ वेळा तो पोरगा पाठीवर आडवा, आणि वर आमची बायको म्हणते, "बिचारा टोबी!" बिचारा? मग आम्ही कोण? पाच शुक्रवार लोखंडी बाकांवर बूड गोठवत बसलो, पाचच्या पाच सामने हरताना बघितले, ते आम्ही कोण? तुम्हाला सांगतो, मी कुणाला दोष देत नाही. जे दिसतं ते बोलतो.

आणि दिसतं काय? आमचं केलर्सबर्ग गाव केवढं, तर सिग्नल दोन, त्यातला एक बंद. कोळशाच्या खाणी होत्या, त्या गेल्या. पोलादाचा कारखाना होता, तो गेला. उरला काय, तर शाळेचा फुटबॉल! पायाचा नव्हे हो, आमचा तो लंबगोल चेंडू छातीशी धरून समोरच्याच्या अंगावर जायचा. त्यात क्वार्टरबॅक म्हणजे संघाचं डोकं. आकडे ओरडणार तो, चेंडू हातात घेणार तो, लांब फेकणार तो. आणि आमचं हे डोकं, टोबी वॉझ्निक, वय वर्षं सोळा, चेंडू हातात आला की नुसतं उभं! अरे फेक ना! कुणाची वाट बघतोयस? बसची?

हे सगळं मी अर्नीच्या सलूनमध्ये बोललो, तर अर्नी काय म्हणाला माहितीये? गळ्याला वस्तरा लावून म्हणतो, "ड्वेन, पोराची काय चूक? पुढची फळीच पुठ्ठ्याची आहे रे." पुठ्ठ्याची! आता ही फळी म्हणजे काय, तर टोबीच्या पुढं पाच दांडगी पोरं उभी राहतात, त्याच्या अंगावर कुणाला येऊ न देणारी. टोबी उजव्या हाताचा, म्हणजे फेकताना त्याची पाठ डावीकडे. आणि ती पाठ राखायला फळीच्या डाव्या टोकाला कोण? आमचा गॅरेट! माझा मुलगा! सव्वाशे किलो वजन, सकाळच्या न्याहारीला सहा अंडी! म्हणजे अर्नी नाव न घेता कुणाला बोलला? वस्तरा गळ्यावर होता म्हणून गप्प बसलो, नाहीतर अर्ध्या दाढीनं उठून गेलो असतो.

तर मी ठरवलं. टोबीला बाहेर बाकावर बसवायचं आणि त्याच्या जागी दुसरा पोरगा आणायचा. संघाला पैसा पुरवणारं आम्हा गावकऱ्यांचं मंडळ आहे, त्यातल्या एकतीस लोकांच्या सह्या घेतल्या. मी कुणाला दोष देत नाही, पण सह्या घेताना जे दिसलं ते सगळ्यांना नीट समजावून सांगितलं... बरं, थोडं रंगवून सांगितलं! इकडे गावात काय, खेळाडूच्या अंगणात त्याच्या नंबराची पाटी लावतात. टोबीच्या अंगणातली पाटी कुणीतरी उपटून रस्त्यात फेकली. मी नाही हं! देवाशप्पथ मी नाही. त्याच्या आईनं ती उचलली, पुसली, परत रोवली. ती बेकरीत असते. दुसऱ्या दिवशी मला डोनट दिले ते न बोलता. एरवी ती एक जास्त टाकते. त्या दिवशी मोजून सहा!

घरी लोरीन, म्हणजे आमची बायको, जेवताना म्हणाली, "ड्वेन, एक सांगू? आपल्याकडे चेंडू असताना तू जरा गप्प बसत जा." कारण आमच्याकडे रीत आहे. समोरच्यांकडे चेंडू असला की घंटा, डबे, भोंगे, बोंबाबोंब... त्यांना एकमेकांचं ऐकू येता कामा नये. आणि आपल्याकडे चेंडू आला की अख्खं स्टेडियम चिडीचूप. कारण टोबी आकडे ओरडतो, ठरलेल्या आकड्याला चेंडू निघतो, तो फळीला ऐकू यायला हवा. हे मला शिकवते! मी स्वतः चार वर्षं याच मैदानात खेळलोय! मी म्हटलं, "मी आरडाओरडा करत नाही. मुलाला दोन शब्द सांगतो. बाप आहे मी." गॅरेट ताटात बघत म्हणाला, "बाबा, ते ना..." मी म्हटलं, "तू जेव. तुझी काही चूक नाही." तो जेवायला लागला. म्हटलं, बघा, किती समजूतदार पोरगं!

आता सोमवार. दर सोमवारी संध्याकाळी शाळेच्या जेवणाच्या हॉलमध्ये मंडळाची बैठक. पिझ्झा खायचा आणि कोच डफी पडद्यावर शुक्रवारच्या सामन्याचा व्हिडिओ दाखवणार. टोबी आईबरोबर आलेला, शेवटच्या टेबलाला, पिझ्झ्याला हात न लावता. गॅरेट त्याच्या शेजारी. मी सह्यांचा कागद काढला. कोच म्हणाले, "ड्वेन, मुलाला बसवायचं तर कारण दाखव," आणि रिमोट माझ्या हातात दिला. माझ्या! मला काय, लग्नात माइक मिळाल्यासारखं झालं. म्हटलं, "मंडळी, कोच नेहमी आवाज बंद ठेवून दाखवतात. मी चालू करतो. पोरगा कसा धाडकन पडतो ते ऐका तरी!"

आणि आवाज वाढवला. पुरता. शेवटपर्यंत.

पडद्यावर आमची पोरं उभी. स्टेडियम चिडीचूप. टोबीचे आकडे... आणि एकदम, "गॅरेट! अरे डावीकडे! डाव्याला बघ! गुडघे वाकव, गुडघे!" कोण हो हा गाढव? मीच विचारलं. मोठ्यानं विचारलं! सगळा हॉल माझ्याकडे वळून बघायला लागला. पडद्यावर गॅरेटचं हेल्मेट वळलं... डावीकडे नाही, बाकांकडे. माझ्याकडे! तेवढ्यात चेंडू निघाला, समोरचा धिप्पाड गडी गॅरेटच्या बाजूनं आरामात गेला, आणि टोबी आडवा.

म्हटलं, योगायोग. पुढचा दाखवला. "गॅरेट! गुडघे!" आडवा. पुढचा. "गॅरेट! अरे झोपलास का?" आडवा. बंद करायला गेलो तर घामानं रिमोट सटकतोय हातातून! अर्नी मागून मोजायला लागला, चार... पाच... सहा... नऊला सगळा हॉल त्याच्याबरोबर मोजत होता!

कोच डफींनी टोबीला विचारलं, "तुला मैदानात ऐकू यायचं हे?"

"हो, सर."

"पाच सामने? मग सांगितलं का नाहीस?"

तो पोरगा उभा राहिला, मान खाली, म्हणाला, "गॅरेटला घरी त्रास झाला असता. आणि काका मनापासून ओरडतात, सर."

मनापासून! तुम्हाला सांगतो, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मला लाज वाटली. सरळ सांगतो, लाज वाटली. एकतीस सह्या मी फाडल्या. गॅरेटकडे बघायची हिंमत होईना. बघितलं तर तो रडत होता, सव्वाशे किलोचा, आणि टोबीचा हात त्याच्या खांद्यावर... पोहोचत नव्हता पुरता, पण होता.

मग मंडळाचा निर्णय झाला. एकमतानं. माझी बायकोसुद्धा! मला बाकांच्या पाठीमागं, सॉसेजच्या टपरीत उभं करायचं. ॲप्रन बांधून, तव्यापाशी, तोंड भिंतीकडे. तिथून मैदान दिसत नाही. आवाज गेला तरी भिंतीपर्यंत.

आणि शुक्रवारी काय झालं? जिंकलो! एकवीस-चौदा! टोबी एकदाही पडला नाही म्हणतात. गॅरेटनं समोरच्या गड्याला उचलून बाजूला ठेवला म्हणतात. मी? मी कांदा परतत होतो. वर बाकांवर हजार पाय आपटतायत, टपरीचं छप्पर थडथडतंय, मी गिऱ्हाईकाला विचारतोय, "अहो, काय झालं? कुणी केलं?" तर म्हणतो, "मस्टर्ड जास्त घाल."

म्हटलं, झाली शिक्षा, पुढच्या शुक्रवारी सोडतील. मी तोंडाला पट्टी लावून बसायला तयार होतो. तर अर्नी दारातच आडवा! "वेडा आहेस का? तू टपरीत होतास आणि आपण जिंकलो. आता काही म्हणजे काही बदलायचं नाही!" कोच मोजे बदलत नाहीत, अर्नी टोपी धूत नाही, लोरीन त्याच पायरीवर बसते आणि मी... टपरीत! चार सामने झाले. चारही जिंकलो. आता हंगामातला शेवटचा सामना आहे, परगावी, दोनशे मैल लांब. म्हटलं, सुटलो, तिथं कुठली आपली टपरी?

मंडळानं वर्गणी काढून चाकांची टपरी भाड्यानं घेतलीय.

मी कुणाला दोष देत नाही. माझा मुलगा फार सुंदर खेळतो. अख्खं गाव सांगतं मला.