झिव्कोचा रुंद बोर्ड

पिरिन डोंगरावर जाणाऱ्या रोपवेच्या रांगेत अकरा माणसं होती. त्यांच्याकडे आठ स्कीच्या जोड्या, दोन स्नोबोर्ड आणि एक थर्मामीटर. थर्मामीटर कालिनाचा; ती वरचा बर्फ मोजायला निघाली होती. बोर्ड तिच्या पुढच्या नवराबायकोचे.

"झिव्को, ही होडी कशाला उचलून आणलीस?"

"भुसभुशीत बर्फावर रुंद बोर्डच तरंगतो, विह्रा. तुझा अरुंद बोर्ड रुतून बसेल."

"भुसभुशीत कुठला? काल पाऊस पडला, रात्री गोठला. वर नुसती काच असेल. काचेवर धारदार कड लागते. तुझ्या कडेनं लोणीसुद्धा कापलं जाणार नाही."

"पाऊस इथे पडला. वर बर्फच पडला असणार."

"मग लाव पैज. जो मागून खाली येईल त्यानं तुझ्या आईला सांगायचं, आपण नातवाला घेऊन प्लोवदिव शहरात राहायला जातोय."

"आजच?"

"शरद ऋतूपासून तू 'उद्या' म्हणतोयस."

"लागली पैज. अहो ताई, वर बर्फ कसा आहे?"

"वरही पाऊसच झाला," कालिना वरच्या हवामान यंत्राचे आकडे फोनवर पाहत म्हणाली. "आता उणे आठ आहे."

"यंत्रं चुकतात."

कालिना मोजमाप उरकून रोपवेनं परतली, तेव्हा विह्रा खाली उभी होती. बावीस मिनिटांनी झिव्को बोर्ड काखेत घेऊन चालत आला. विह्रानं फोन पुढे केला.

"हॅलो, आई? आम्ही प्लोवदिवला राहायला जातोय. हो, विह्रा इथेच आहे. देतो."

झिव्को नऊ सेकंद बोलला. विह्रा चव्वेचाळीस मिनिटं ऐकत होती.